गाडी छान ठेवलीये

मेधाताईचा डोंबिवलीहून फोन आला तेव्हा मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होतो. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात माझा मिमिक्रीचा आयटम होता. "बाबा गेले रे. पहाटे, झोपेतच," ती म्हणाली. आणि मग, "गाडी तिकडे ठाण्यालाच आहे ना. मधूनमधून चालू करशील? बॅटरी बसेल." एरवी मी कुठल्याही वाक्यावर जोक मारतो. त्या वाक्यावर नुसतं "करतो" म्हणालो.

तिचे बाबा, गुप्तेकाका, नौपाड्यात माझ्या मामाच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे; शेवटचे काही दिवस तेवढे ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेलेली. मी शहापूरच्या शाळेतून थेट ठाण्याच्या कॉलेजात आलेलो, मामाकडे राहायला. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचे फोरमन म्हणून रिटायर झालेले. मशीन बिघडलं की लांबून नुसत्या आवाजावरून कुठलं ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. आणि त्यांच्याकडे होती राखाडी अ‍ॅम्बॅसॅडर. तेव्हा सगळ्यांना छोट्या, चकचकीत गाड्यांचं वेड लागलेलं. अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी. आतला माणूस टोपी घालणार, काटा तिशीच्या वर नेणार नाही, वळताना अख्खा हात बाहेर काढणार. काका हे सगळं करायचे, टोपीसकट. आम्ही पोरांनी गाडीचं नाव ठेवलेलं, पेन्शनर.

सोसायटीच्या गणपतीत मी आयटमच बसवला, 'पेन्शनर डोंबिवलीला जाते'. स्टार्टरचा खोकला, गिअरचं कण्हणं, मागून सायकलवाल्याचं "काका, धक्का देऊ का?" लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. पहिल्या रांगेत गुप्तेकाका बसलेले, दगडासारखे. एकदासुद्धा हसले नाहीत. माझी जाम टरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे.

"काल तू माझी गाडी केलीस म्हणे."

"सॉरी काका. गंमत होती हो."

"सॉरी राहू दे. परत कर. इथे, डाव्या बाजूला ये."

मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन घाबरत घाबरत अख्खी गाडी केली. मध्येच त्यांनी थांबवलं. "तिसरा गिअर टाकल्यावर ते कटकट काय केलंस? तुझ्या मनाचं?"

"नाही काका, खरंच येतो तो आवाज. शिमग्यापासून येतोय."

ते खाली बसले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. काल ते रागावले नव्हतेच, त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. प्रेसच्या धडधडीत आयुष्य काढलेले कान. उजवा गेलाच होता, डावाही निघालेला... आणि स्वतःच्या गाडीचा आवाज त्यांना सहा महिन्यांनी कळत होता, तोही माझ्या तोंडून.

त्याच दिवशी आम्ही माजिवड्याच्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकसमोर मी तोंडाने कटकट काढली. तो म्हणाला, "शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेलाय. अजून महिनाभर फिरवली असती तर रस्त्यात शाफ्ट निखळला असता. गाडी ठेवून जा, आणि या पोऱ्याला पण ठेवा, बाकी गाड्यांचे आवाज काढायला." काका हसले नाहीत. येताना म्हणाले, "मेधाला कळलं तर उद्या चावी काढून घेईल. दर गुरुवारी तिच्याकडे जातो मी. तू शेजारी बस. जे ऐकशील ते मला सांग."

मग दर गुरुवारी कळव्याच्या पुलावरून, शिळफाट्याने आमची वरात. मागे ट्रक आला की मी त्यांच्या डाव्या कानात ट्रक करायचो, रिक्षा आली की रिक्षा. छोट्या गाडीतली पोरं बाजूने जाताना ओरडायची, "आजोबा, बैलगाडी आणा ना त्यापेक्षा." काका विचारायचे, "काय म्हणाला?" मी सांगायचो, "म्हणाला, गाडी छान ठेवलीये." आणि ते समोर बघतच म्हणायचे, "खोटारडा."

एका गुरुवारी कळवा नाक्याजवळ मी कॉलेजच्या प्रिन्सिपलांची नक्कल करण्यात रंगलेलो. काकांनी गाडी डावीकडे घेतली आणि एक दूधवाला सायकलसकट आडवा झाला. त्याला खरचटलं फक्त, पण किटलीतलं दूध सगळं रस्त्यावर. काकांनी त्याला उठवलं, टोपी काढून हात जोडले, दुधाचे पैसे दिले. मग मला विचारलं, "घंटी वाजवली होती त्याने?"

"वाजवली होती. मी बोलत होतो, काका. चूक माझी."

"तुझं काम बोलायचं. ऐकायचं काम गाडी चालवणाऱ्याचं."

एवढंच. गाडीला वळसा घालून ते माझ्या, डाव्या दाराशी आले आणि चावी माझ्या हातात दिली. लायसन्स मी नुकतंच काढलेलं, त्यांना दाखवून मिरवलेलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच मेधाताईला सगळं सांगितलं. ती रडली, ते वाढून घेत राहिले. आम्ही पोरं कितीतरी चुका दुसऱ्याच्या नावावर खपवतो. या माणसाला कोणी काही म्हटलं नव्हतं, मी तर आयतं कारणही पुरवलेलं. तरी त्याने आपली सगळ्यात लाडकी गोष्ट रस्त्याच्या कडेला उभं राहून सोडून दिली. त्यानंतर पेन्शनरचा आयटम मी कधीच केला नाही.

पुढची दोन वर्षं मी चालवायचो. आता मी त्यांच्या बहिऱ्या कानाकडे, त्यामुळे माझी बडबड बंद. काका उजवा तळहात डॅशबोर्डवर ठेवून बसायचे. इंजिनाची थरथर हातात यायची त्यांच्या. बरोब्बर वेळेला म्हणायचे, "तिसरा टाक." एकदाही चुकले नाहीत.

गेल्या गुरुवारी, त्यांना जाऊन महिना झाल्यावर, गाडी मेधाताईकडे पोचवायला निघालो. डॅशबोर्डवर जिथे हात असायचा तिथला रंग उडून गुळगुळीत झालाय. मुंब्र्याच्या पुढे मागून हॉर्नवर हॉर्न. एक पोरगा, माझ्याच वयाचा, बाजूने जाताना ओरडला, "ओ आजोबा, चालत या ना." माझं तोंड बघून जरा गोंधळला आणि सुसाट गेला.

मी डावीकडच्या रिकाम्या सीटकडे वळून, नेहमीपेक्षा मोठ्याने सांगितलं, "म्हणतोय, गाडी छान ठेवलीये."

आणि थोडा वेळ थांबलो...