तेल्हाऱ्याची जलपरी

वऱ्हाडात समुद्र नाही. त्यामुळे समुद्रात काय असतं, यावर आमच्याशी कोणी वाद घालू शकत नाही. शेषरावच्या मेळ्यातल्या तंबूवर तिथली सगळी जनावरं रंगवलेली आहेत. देवमाशाचे डोळे थेट म्हशीचे, कारण रंगाऱ्यानं घरी तीच पाहिलेली. ऑक्टोपसला पाय किती हे कोणाला आठवेना, म्हणून जागा संपेपर्यंत काढले. आणि आत, काचेच्या पेटीत गुडघाभर पाण्यात, जिवंत जलपरी. म्हणजे तेल्हाऱ्याची बेबीताई.

बेबीताईच्या ओळखीचे मासे दोनच, धरणातला मरळ आणि बाजारातला सुका बोंबील. पोहता येत नाही. बसता मात्र फार चांगलं येतं. तरणी होती तेव्हापासून ती हिवाळाभर शेषरावसोबत हिंडते. तिचं रेक्झिनचं शेपूट बडनेऱ्याची नसीमबानो शिवते आणि दरवर्षी उसवून सैल करते.

"बेबी, मासा वाढते हे मले मालूम हाय. पन काई अंदाज तं घेऊ दे!"

एका वर्षी तंबू नदीकाठी, साती आसरांच्या दगडांशेजारी पडला. पाणी जिथं, तिथं आसरा, पाण्याच्या देवी. त्यांची ओटी भरल्याशिवाय आमच्याकडे बाळंतीण पाण्यावर जात नाही. पाण्यात बसलेली, कमरेखाली मासा असलेली बाई पाहून एका म्हातारीनं काचेला हळदकुंकू लावलं आणि वरून खण-नारळ सोडला. मागच्या बायांनीही तेच केलं. पुढे गावोगाव ती रीतच पडली. बेबीताईनं नाही म्हटलं नाही. जन्मभर ती दुसऱ्याच्या रांगेत उभी राहिली होती. इथं रांग तिची होती.

यंदा बाळापूरच्या मेळ्यात शेषरावनं अमरावतीहून रागिणी नावाची नवी पोरगी आणली.

"ताई, पब्लिकले आता मोबाईलमधल्यावानी परी पाह्यजे. तुमी तिकिटावर बसा."

"आन् बायाची ओटी कोन घेईन? हे काडी?"

"मावशी, मी डाएटवर आहे," रागिणी म्हणाली.

पहिल्या दिवशी पोरांनी फोटो काढले. बायांनी पेटीत डोकावलं आणि नारळ परत पिशवीत टाकले. "हिच्यात सोताचाच जीव नाई, ते लेकराले का देईन?" एकीनं निकाल दिला आणि सगळ्या आकाशपाळण्याकडे गेल्या.

दुपारीच शेषराव तंबाखूची पुडी घेऊन बेबीताईला मनवायला आला. अट एकच. मागच्या वर्षी काच ठोकणाऱ्या पोराला तिनं पेटीतूनच सणसणीत शिव्या दिल्या होत्या, आणि आवाज ओळखून कोणीतरी ओरडलं होतं, "अबे, हे तं तेल्हाऱ्याची बेबी!" रांग तिथंच फुटली होती.

"तोंडातून एक शब्द निंघाला, का रागिणी कायमची," शेषराव म्हणाला.

"नाई निंघत. देव कधी बोलते का?"

ती बसली. रांग लागली. संध्याकाळी त्या रांगेतून नातवाला कडेवर घेऊन आशाबाई आली. बेबीताईची सख्खी जाऊ, भिंतीला भिंत. दोघींची नजर मिळाली. जाऊ जावेला शेपटातही ओळखते.

आशाबाईनं शिस्तीत काचेला कुंकू लावलं, नातवाला पाया पाडलं आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आसरामाय, माही एक जाऊ हाय. लय भांडखोर. नळ आला का पह्यली घागर तिचीच. मी गरीब, मी काई बोलत नाई. तिले सुबुद्धी दे."

शेपूट पाण्यात धाडकन आपटलं.

"अगं बाई, देवीच्या अंगात आलं!" मागच्या बाईनं हात जोडले.

शेषराव दारात उभा होता. त्याच्या मागं रागिणी.

"उद्यापासून पह्यली घागर माही," आशाबाई म्हणाली. "कबूल असन तं मुंडी हालव, माय."

बेबीताईनं दात आवळले. मान हलवली.

"आन् मांगच्या शेवग्याच्या अर्ध्या शेंगा?"

बेबीताईनं मान ताठ केली. रागिणी एक पाऊल पुढे आली. बेबीताईची मान पुन्हा हलली.

"जागरूत हाय हो देवी!" आशाबाईनं रांगेला सांगितलं, आणि नातवाला दुसऱ्या कडेवर घेऊन ती रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली.