कागदासकट वजन

तो गुन्हा अजून डोक्यातून जात नाही. अमली पदार्थांच्या जागतिक जाळ्याचं एक टोक त्या दिवशी जालन्यात माझ्या हाती लागलं होतं. निदान वरिष्ठांना मी तसंच कळवलं होतं.

खबर दिली ती संशयिताच्या बायकोने. मस्तगडला राहणारं जोडपं. नवरा एका बियाणे कंपनीत अधिकारी.

"साहेब, हे रोज सकाळी रंगीत कागदाचा इवलासा तुकडा जिभेखाली ठेवून राह्यले."

"मग त्रास काय देतात?"

"तरास न्हाई, त्याचंच भ्या वाटतं. भांडतच न्हाईत. तुम्ही नुसता दम द्या, केस करू नका."

आमच्याकडे ठाण्यात निम्मे लोक दम मागायलाच येतात. नवऱ्याला बोलावलं. त्याने दम ऐकून न घेता इवल्याशा डोसने मन कसं शांत राहतं यावर मलाच व्याख्यान दिलं आणि पुरावा म्हणून खिशातले उरलेले तुकडे टेबलावर ठेवले. कागदात मुरवलेलं एल.एस.डी., म्हणाला, ऑनलाइन मागवलेलं. भरल्या ठाण्यात हे ऐकल्यावर दम देण्याची सोय संपली. पंच बोलावले.

"नशा होते?"

"बिलकुल न्हाई साहेब. नशा झाली तर डोस चुकला म्हणायचा."

"मग कळतं काय?"

"काहीच कळत न्हाई. तेच बराबर प्रमाण."

मी जबाब दोनदा वाचला. दोन्ही वेळा तेच लिहिलं होतं.

वजनासाठी सराफाला काट्यासकट बोलावलं. तो म्हणाला, "आधी पंखा बंद करा साहेब, तुमचा माल उडून जाईल." प्रश्न वेगळाच होता. कागदासकट वजन धरलं तर किमान दहा वर्षं. नुसतं द्रव्य धरलं तर फार तर वर्षभर. सरकारी वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन्ही बाजूंनी निकाल आहेत. मी कागदासकट लिहिलं. कागदाशिवाय काट्यावर ठेवायला काही नव्हतंच. बाई व्हरांड्यात रडत होती. "मी दम मागितल्ता साहेब, दहा वर्षं न्हाई."

तो कारागृहात गेला. पुढे प्रयोगशाळेने कळवलं, की कागदात कोणताही अमली पदार्थ नाही. साधा कागद, छपाईची शाई.

माणसाला बरं कशाने वाटतं हे तपासाचं काम नव्हे, एवढंच मी यातून शिकलो. आणि तेही नीट कळलंय असं नाही. सुटल्यावर कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल त्याला परत दिला. त्याने तिथेच तुकडे मोजले आणि एक कमी असल्याची लेखी तक्रार दिली.