पडेगावचा व्हॉल्व्ह कोण बंद करतं

पिशोरची राजनंदिनी हट्टी आहे, हे आमच्या गारखेड्याच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. किती हट्टी, ते त्या दुष्काळात कळलं.

प्यायला पाणी नव्हतं, तरी पडेगावला नव्या वसाहती उठतच होत्या. त्यातल्या एकीत टाकीचं पाणी गल्ल्यांना सोडणारा व्हॉल्व्ह आमचा होता. टाकीवरचा सेन्सर पाण्याची पातळी बिनतारी संदेशांनी कळवत राही आणि खालची पेटी त्यावरून व्हॉल्व्ह चालवी. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि व्हॉल्व्ह मध्येच बंद व्हायला लागला. वसाहतीनं ठरवून टाकलं की राखणदार पुंडलिकच तो बंद करतो आणि पाणी चोरून विकतो. रविवारच्या बैठकीत त्याला काढणार होते. आमचे मालक हेमचंद्र साहेबही त्यालाच बोल लावत, कारण तो चोर ठरला की आमची पेटी सुटली.

राजनंदिनीला हे पटेना. टँकरच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन तिथं बसली आणि पेटीकडे येणारा प्रत्येक संदेश टिपून आणला. ऑफिसातल्या तशाच, व्हॉल्व्ह जोडलेल्या पेटीला तिनं ते सगळे संदेश एका कमांडनं पुन्हा पाठवले. साहेबांना घाई, म्हणून वेग वाढवून. व्हॉल्व्ह हलला नाही. साहेब खूश झाले, आणि त्यांचा तो आनंद बघून मला संताप आला.

तिनं रेकॉर्डिंग पुन्हा चाळलं. मध्ये बराच वेळ एकही संदेश नव्हता. वेगाच्या नादात आपण ती शांतताच खाऊन टाकली, असं ती म्हणाली. मग सगळे संदेश मूळ वेगानं, मधल्या खंडासकट पाठवले. खंड आला, संदेश थांबले आणि थोड्या वेळानं व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. सेन्सर आणि पेटीच्या मध्ये टँकर उभा राहिला की संदेश अडत, आणि पेटी टाकी रिकामी समजून व्हॉल्व्ह बंद करी.

साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त करून टाक. नोकरी जाईल, असं मीही बजावलं. तिनं ऐकलं नाही. रविवारी पेटी आणि व्हॉल्व्ह पिशवीत घालून ती बैठकीला गेली, आणि मग मीही गेलो.

पुंडलिकाला लांब बसवून तिनं कमांड दिली. लोक चुळबुळत होते. अध्यक्ष अप्पाराव सारखे घड्याळ बघत होते. मग कुणी हात न लावता टेबलावरचा व्हॉल्व्ह बंद झाला. आमची चूक झाली, असं अप्पाराव खालच्या आवाजात म्हणाले.

पुंडलिक उठला. "ताई, माझी लेकरं बी इचारत व्हती, बाबा, तुमी पाणी इकता का म्हणून. त्यांना घेऊन येतो. पुन्हा चालवा."

राजनंदिनीनं कमांड पुन्हा लिहिली आणि मुलं येऊन समोर बसेपर्यंत एंटरवर बोट ठेवून थांबली.