अंगात कोण येतं

कांदा फोडला की त्याच्या उग्र वासानं मला सुमनताई आठवते. तिला फिट आली की डोळखांबच्या आमच्या पाड्यावरचे लोक तिच्या नाकाशी कांदा धरायचे. तिच्या अंगात कुणीतरी येतं, असंच सगळे म्हणायचे.

एकदा बाबा आम्हा दोघी बहिणींना शहापूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर ताईलाच म्हणाले, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. काही म्हणतात 'चल', काही म्हणतात 'थांब'. तुझ्या मेंदूत 'थांब' म्हणणाऱ्या कधीकधी कमी पडतात आणि सगळ्या पेशी एकदम उसळतात. गोळी त्यांना आवरते. ती चुकवायची नाही."

"म्हंजे माज्या अंगात कोन येत नाय?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही."

ताई ओढणीत तोंड लपवून रडली. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुढे गोळ्यांनी फिट थांबल्या.

लग्नानंतर सासूनं गोळ्या बंद केल्या. "बरी हाय ना, मंग कशाला?" म्हणाली. नदीवर कपडे धुताना ताईला फिट आली, ती पाण्यात पडली आणि गेली.

डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी मला वाटलं होतं, ताई या सगळ्यातून सुटली. आता वाटतं, तिच्या सासूलाही कुणीतरी समोर बसवून असंच शांतपणे सांगायला हवं होतं.