आईची भरणी घेऊन शिकागोला

गुडघ्याच्या औषधासाठी कुणी चारशे मैल ड्राइव्ह करतं का? आम्ही केलं. २००५चा ऑक्टोबर, मिनेसोटातलं ईडन प्रेरी ते शिकागो, आणि अख्ख्या प्रवासात आईच्या मांडीवर लोणच्याची भरणी.

भरणीत चिनी जडीबुटीची पूड होती. आईने ती चिनी दुकानातून आणली होती आणि गुडघे खरंच हलके झाले होते. पण अशा काही मिश्रणांत एका मुळीऐवजी दुसरीच जाते आणि ती किडनीची वाट लावते, असं मी वाचलं आणि धाबंच दणाणलं. आईला एकच किडनी आहे. दुसरी सहा वर्षांपूर्वी तिने मला दिली. पाकीट बघावं तर बाईसाहेबांनी कधीच फेकलेलं!

ओळखीतल्या शरयूकाकू शिकागोच्या एका लॅबमध्ये असली औषधं तपासतात. फोनवर म्हणाल्या, "पोस्टाने नको. भरणी आहे तशी घेऊन ये, ढवळू नकोस."

आय-९४ हायवेने निघालो. विस्कॉन्सिनभर झाडं अशी लालभडक की विचारू नका. जाणार असाल तर ऑक्टोबरच गाठा. वाटेत टोमा गावी चीज कर्ड्स, म्हणजे ताज्या चीजचे छोटे गोळे, खाल्ले. "रबर आहे मेलं," म्हणत आईने अख्खी पिशवी संपवली. इलिनॉयमध्ये टोलसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. मोटेल साठ डॉलर, स्वच्छ. शिकागोत देशी दुकानांच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर थाळी मिळते, वरण मात्र गोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब. काकूंनी आधी मशीन नाही, आईलाच गाठलं. "ही भरणी तुम्ही कशी भरली?"

"कशी म्हणजे? जुनं अर्ध्यावर आलं, वरून नवीन ओतलं. चहापत्तीचं करते तसंच."

"वाटलंच मला," काकू हसल्या. "माझी आईही हेच करायची."

मग त्यांनी लांब नळीने वरची पूड वेगळी काढली, तळाची वेगळी. मायक्रोस्कोपखाली मला नुसता भुसा दिसत होता. काकू मात्र ओळखीची माणसं दाखवावीत तसं सांगत होत्या, ही दालचिनी, हे ज्येष्ठमध. नंतर काचेच्या पट्टीवर दोन्ही पुडींच्या अर्काचे थेंब ठेवले, शेजारी त्या घातक द्रव्याचा नमुना. पट्टी द्रावणात उभी केली की थेंब वर चढत जातात आणि प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. काय डोकं असतं एकेकाचं! मी अक्षरशः तोंडात बोट घालून बघत होते.

वरची पूड स्वच्छ निघाली. तळाच्या पुडीत, नमुन्याच्याच उंचीवर, तोच डाग. काकूंनी मग मशीनवरही खात्री केली आणि आईचा हात धरला. "ताई, हे बंद. आजपासून. आणि घरी गेल्यावर लगेच ब्लड टेस्ट." नुसतं वरचं तपासलं असतं, तर आम्ही हसत घरी आलो असतो.

परतताना टोमाला थांबले तर आई म्हणे, चीज नको. मला वाटलं, घाबरली बिचारी. मी आपली सांगत होते, "अगं, सगळं नीट होईल."

ईडन प्रेरीच्या क्लिनिकमध्ये नर्सने आईची बाही वर केली, तेव्हा आईने तिचा हात बाजूला सारला आणि माझा पुढे ओढला. "आधी हिचं घ्या."

"अगं आई, औषध तू खाल्लंस!"

"तू दमलेली दिसायचीस गं," ती रडायलाच लागली. "पहिल्या पाकिटातलं चिमूटभर तुझ्या चहात घालत होते."

मी आधी खूप चिडले, मग तिथेच तिला घट्ट धरून बसले.

डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी तपासत राहू. पहिले रिपोर्ट शुक्रवारी आले, दोघींचेही चांगले. विस्कॉन्सिनची झाडं, ती काचेची पट्टी, काकूंचा तो साधा प्रश्न, सगळं आठवतं. पण सगळ्यात जास्त आठवतो आईचा फोनवरचा आवाज. ती मावशीला सांगत होती, "अगं, माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत."