सोनेरी रिव्हॉल्व्हर

माझं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात फळीवर ठेवून मी चहाचा कप हातात घेतला. चूक एवढीच. बाकी जे झालं ते इतरांनी आपापलं काम चोख केल्यामुळे झालं.

रिव्हॉल्व्हर मुळात का होतं, हे सांगायला हवं. रोह्याजवळ धाटावच्या कंपन्यांत शिफ्टचे कामगार पोचवणाऱ्या दोन बस माझ्या. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या गेटवर गाडी लावण्यावरून दुसऱ्या एका बसवाल्याशी वाजलं आणि तो मला म्हणाला, ‘‘बघून घेईन.’’ मी त्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज केला. चौकशा, कागद, पुन्हा चौकशा असं होत परवाना हातात पडेपर्यंत त्या माणसाच्या मुलीचं लग्न आलं आणि रोह्याच्या हॉलमध्ये पंगतीत भात मीच वाढला. आता जिवाला धोका कुणापासून, हे मलाही सांगता आलं नसतं. पण परवाना मिळाला म्हणून हत्यार घेतलं, आणि घेतलं म्हणून कमरेला लावलं.

कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला माणूस रुबाबदार दिसतो, असं मला वाटायचं. माझ्या पोटाखाली ते कुणाला दिसायचंच नाही. शर्ट बाहेर सोडला की मागे नुसता फुगवटा. रोहा स्टँडवर तिघांनी वेगवेगळ्या दिवशी विचारलं, ‘‘मणक्याचा पट्टा काय? कुठल्या डॉक्टरचा?’’ एकाने तर दुसऱ्या दिवशी तेलाची बाटलीच आणून दिली. तेल चांगलं निघालं, ही गोष्ट वेगळी.

तर त्या दिवशी. निवडणूक जाहीर झाली होती. अशा वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तशी मलाही नोटीस आली होती. शेवटचा दिवस, पाचपर्यंत. नाही केलं तर परवान्यावर गदा. परवाना पेणच्या जुन्या घराच्या पत्त्यावर, म्हणून मी रोह्याहून पेणच्या ठाण्यातच निघालो होतो. पण आधी पेणच्या पुढे हमरापूरला गेलो, कारण घरच्या गणपतीची ऑर्डर द्यायला बायकोने चार वेळा सांगितलं होतं आणि पाचव्यांदा ती सांगत नाही, बोलते.

कारखानदार माझा शाळेतला सोबती. त्याने विचारलं, ‘‘अजून बाळगतोस काय रे ते?’’ मी ऐटीत बाहेर काढलं. रिकामंच होतं, गोळ्या मी घरीच ठेवतो, कारण मला त्यांची भीती वाटते. त्याने उलटसुलट करून बघितलं, परत दिलं, आणि तेवढ्यात चहा आला. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशीत बिस्किटं. मग रिव्हॉल्व्हर कुठे धरणार? शेजारच्या फळीवर ठेवलं. फळीवर मूर्तींची सुटी आयुधं सुकत होती. परशू, पाश, अंकुश. मग आम्ही पुढच्या खोलीत मूर्ती बघायला गेलो. मी तीन मूर्तींच्या सोंडेला नावं ठेवली, एक पसंत केली आणि परत आलो.

फळीवरचं सगळं सोनेरी झालं होतं. सगळं.

रंगकाम करणाऱ्या मावशी स्प्रे खाली ठेवून पदराने कपाळ पुसत होत्या. मी बोट दाखवलं.

‘‘बरा बसलाय ना रंग?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पिस्तूल जरा जडच वाटला. लोखंडी केला काय या वर्षी?’’

‘‘मावशी, ते माझं आहे. खरं आहे.’’

‘‘म्हंजे मूर्तीचा नाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आयुधांच्या फळीवर कशाला ठेवलात?’’ त्यांनी सरळ विचारलं. ‘‘मला वाटलं, पोलिसाच्या डरेसातला गणपती हाय कुणा मंडळाचा. गेल्या साली एकाच्या हातात मोबाईल दिला आम्ही. मंडळवाले सांगतील ते आम्ही रंगवतो.’’

पलीकडे डोळ्यांची आखणी करणारी बाई ब्रश न हलवता म्हणाली, ‘‘गो, गोळी सुटली असती म्हंजे?’’

‘‘सुटली असती तर सोनेरी सुटली असती,’’ मावशी म्हणाल्या.

सव्वाचार झाले होते. आणि खरी अडचण रंगाची नव्हती. हत्यारावर कोरलेला नंबर परवान्याशी जुळला तरच ते जमा होतं, आणि नंबर रंगाखाली गडप झाला होता. मावशींनी थिनर घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि नंबराच्या जागी घासलं. वरचा रंग गेला, कोरलेल्या खाचांतला तसाच राहिला. काळ्या लोखंडावर सोनेरी आकडे असे झळकू लागले की दुकानाची पाटीच. बाकीचा रंग घासायला वेळ नव्हता. मी रुमालात गुंडाळलं आणि निघालो.

ठाण्यात हवालदारांनी रुमाल उघडला. रिव्हॉल्व्हर उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, ‘‘हे काय?’’

‘‘गंजू नये म्हणून रंगवलं,’’ मी म्हणालो.

त्यांनी नखाने रंग खरवडला, वास घेतला. ‘‘हा हमरापूरचा सोनेरी. माझ्या मेव्हण्याचा कारखाना हाय तिथं. खरं काय ते सांगा, नायतर परवान्याचा रिपोर्ट वर पाठवतो.’’

मी सगळं सांगितलं. फळी, चहा, बिस्किटं, मावशी. सांगताना आवाज लहान होत गेला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी लिहिणं थांबवलं. हवालदारांनी नंबर परवान्याशी ताडून बघितला, दोनदा. रिकामं असल्याची खात्री केली. पावतीवर ‘रंग’ या शब्दापुढे पेन थांबलं, मग त्यांनी ‘सोनेरी’ लिहिलं आणि सही घेतली.

‘‘परवाना राहील ना?’’ मी विचारलं.

‘‘या टायमाला राहील. पुन्हा असं टाकून गेलात तर नाय.’’ त्यांनी रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून कुलूप लावलं. ‘‘आणि एक सांगू का, देवाला चार हात असतात म्हणून त्याला हत्यार शोभतं. तुम्हाला दोनच हायत, ते पण कपबशीला पुरत नाय.’’