माझ्या नावाची रजा

गेल्या कार्तिकात मी वारले. ही बातमी मला जिन्यात कळली, आणि सांगणाऱ्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

पण आधी कुशलची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्ही त्याला लबाड समजाल. लबाड तो कधीच नव्हता. लबाडीला धीटपणा लागतो.

काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत मी ज्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहते, त्याच घरात वर नरहरशास्त्री, त्यांचा मुलगा कुशल आणि सून वैदेही राहतात. शास्त्रीबुवांकडे पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण. कुशल मात्र कॉमर्स शिकला आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागला. त्याची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हापासून तो मला आजी म्हणतो. माझं खरं नाव विद्युल्लता. एके काळी ते नाटकाच्या बोर्डावर ठळक अक्षरात रंगवायचे. आता गॅसच्या पुस्तकावर असतं.

नाटक कंपनी बंद पडून मी काशीला आले, त्यानंतर बरीच वर्षं गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींची नाटकं मी बसवत असे. छोटा कुशल एकही तालीम चुकवत नसे. सगळ्यांची भाषणं त्याला पाठ. एका वर्षी राजपुत्राचं काम करणारा मुलगा ऐन वेळी तापाने पडला, म्हणून मी कुशलला मुकुट घालून उभा केला. पडदा उघडला, आणि याची दातखीळ बसली. शेवटी विंगेतून मी बोलले, आणि तो नुसते ओठ हलवत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशीचे प्रेक्षक दयाळू. पुढच्या वर्षीपासून मी त्याला प्रॉम्प्टर केलं. असा प्रॉम्प्टर मला कंपनीतही मिळाला नव्हता. समोरचा कुठे अडणार हे त्याला आधीच कळायचं. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या जिभेवर सदा तयार, स्वतःचं मात्र कधी आलं नाही.

मोठा होऊनही तो तसाच राहिला. भाजीवाल्याने सडका टोमॅटो दिला तरी हा म्हणणार, "कोई बात नहीं." वैदेही ग्वाल्हेरची, एका शाळेत गणित शिकवते, बोलायला खणखणीत. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत ती मला म्हणाली, "आजी, हा 'हो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते तुम्ही मला शिकवा."

मी म्हटलं, "बाई गं, मीही अजून शिकतेच आहे."

तिला चौथा महिना लागला होता. एका सकाळी पोटात दुखायला लागलं, रिक्षा करून दवाखान्यात नेली, आणि दुपारी ती रिकामी होऊन परत आली. त्या घरात मग भांड्यांचासुद्धा आवाज येईना. तिच्या शाळेने रजा दिली. अशा वेळी बाईला सहा आठवडे पगारी रजा मिळते, तसा कायदाच आहे. मुख्याध्यापिका जरा कुरकुरल्या, पण दिली.

कुशलने ऑफिसात काही विचारलं नाही. त्याने आधी वडिलांना विचारलं. मी वैदेहीसाठी मऊ भात घेऊन वर गेले होते, तेव्हा दोघं पुढच्या खोलीत उभे होते.

"बाबा, मला सुतक किती?"

शास्त्रीबुवांना पोथी उघडावी लागत नाही. पण त्या दिवशी त्यांनी ती उघडून पाहिली. "चौथ्या महिन्यापर्यंत आईला अशौच असतं," ते म्हणाले. "बापाला स्नान."

"नुसतं स्नान?"

"नुसतं स्नान, बाळा." त्यांचा तो यज्ञाच्या मंडपात घुमणारा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशल घाटावर गेला, बुडी मारली, ओल्या पंच्याने वर आला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डबा शोधू लागला. वैदेही अंथरुणातून पाहत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"काय?"

"तुझं."

तो ऑफिसला गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी चमचा पुढे केला, तर म्हणाली, "आजी, त्याने काही करावं असं नाही हो. रडावं, असंही नाही. नुसतं घरात असावं. एकटी मीच आई झाले होते का?"

हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. मान खाली घालून त्याने ऐकलं आणि म्हणाला, "उद्या रजा मागतो." मला बरं वाटलं. या मुलाकडे अखेर एक तरी वाक्य आलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच परत आला. मी वैदेहीच्या उशाशी बसले होते. दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. डोक्याचा चकोट, कानामागे साबणाचा फेस वाळलेला, हातात चपला.

वैदेही उठून बसली. त्या काही दिवसांत ती पहिल्यांदाच कोणी न उठवता उठली होती. "शास्त्रात नाहीये ना रे?" ती म्हणाली. "बाबा म्हणाले होते, नुसतं स्नान. तरी तू…"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्यालाच माहीत. तिने त्याला खाली बसवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दवाखान्यातून आल्यापासून अडलेलं रडू तिच्या घशातून बाहेर पडलं. मला वाटलं, आता ही जगली. मी वाटी उचलली आणि निघाले. जिन्यात माझ्यामागे त्याची पावलं आली.

"आजी, मी तुम्हाला मारलं."

"कधी रे?"

"आज सकाळी. ऑफिसात."

"बरं केलंस सांगितलंस. मी आत्ताच चहा प्याले," मी म्हणाले. तो हसला नाही. जिन्यातच खाली बसला आणि मग सगळं बाहेर आलं.

त्याचे साहेब मिसिरजी. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. कुशल त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला. तोंडात वाक्य घोळवूनच गेला होता.

"का हो कुशल बाबू, मुँह काहे लटका है? घर में कोई गुज़र गया का?"

"हाँ सर."

हे खरं होतं. इथपर्यंत तो एक शब्द खोटं बोलला नव्हता.

"अरे! कौन?"

आणि इथे अडलं. बच्चा म्हणावं तर पुढे किसका, कितना बड़ा, क्या नाम. बाजूच्या टेबलावरच्या हिमानी मॅडमने मान वर केली. सगळी खोली वाट पाहत होती. कुशलच्या तोंडून निघालं, "दादी."

मिसिरजी खुर्चीतून उठले, त्याला छातीशी धरलं. "राम राम! जाओ, घर जाओ. तेरही तक इधर मुँह मत दिखाना." आजी गेली तर त्यांच्या कंपनीत तेराव्यापर्यंत पगारी रजा आहे. पोटातलं मूल गेलं तर बापाला काही नाही. मग मिसिरजींनी त्याच्या केसांकडे पाहिलं. "और ये बाल? दादी चली गईं और तुम ज़ुल्फ़ें लिए घूम रहे हो?" हा तसाच निघाला आणि घाटावर न्हाव्यासमोर जाऊन बसला.

"वैदेहीला काय वाटलं, पाहिलंस ना?" मी म्हटलं.

"पाहिलं."

"मग वर जा आणि सांग."

"आता कसं सांगू, आजी? ती आत्ता कुठे रडली."

मीही मग रेटलं नाही. त्यातून तो घरी होता, आणि त्याच्या घरी असण्याने गुण येत होता. तो वरणभात लावायचा, तिच्याजवळ बसायचा, पाठीला तेल लावून द्यायचा. वैदेही जेवू लागली. जाता-येता ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. हात डोक्याला लागला की तो डोळे मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, दुःखाने. मला माहीत होतं, लाजेने. खाली पाणी भरायला आला की मी नुसती बघायची, आणि तो म्हणायचा, "उद्या. नक्की उद्या."

रविवारी सकाळी मी अंगणात मेथी निवडत बसले होते. दारात मिसिरजी आणि हिमानी मॅडम उभे. मिसिरजींच्या हातात फळांची टोपली.

"माताजी, कुशल बाबू का घर यही है? उनकी दादी का सुनकर आए हैं."

कुशल नेमका जिना उतरत होता. त्यांना पाहून तो अर्ध्या पायऱ्यांवर थिजला. त्याचा चेहरा अगदी मुकुट घातलेल्या त्या दिवसासारखा झाला, आणि माझी जुनी खोड उफाळली. विंगेतून बोलायची.

"आइए भैया," मी पदर डोळ्यांना लावला. "हम उनकी छोटी बहन हैं."

"कष्ट तो नहीं हुआ अंतिम समय में?"

"बात करते-करते चली गईं. हमको कह गईं, कुशल का ध्यान रखना."

मिसिरजींचे डोळे भरले. "आप दोनों का चेहरा मिलता होगा."

"लोग धोखा खा जाते थे, भैया."

आणि मला खरंच रडू आलं. इतक्या वर्षांनी समोर प्रेक्षक होते. आवाज आपसूक चढला, हुंदका जिथे हवा तिथे आला. मिसिरजी रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "धन्य हैं ऐसी दादी. देखिए, लड़के ने उनके लिए सिर मुँडा लिया."

तेव्हा जिन्याच्या वरच्या वळणावर मला शालीचा काठ दिसला. वैदेही. दवाखान्यातून आल्यावर ती पहिल्यांदाच जिन्यापर्यंत आली होती. बोलणं थोडं ऐकलं होतं, पण शेवटचं नक्कीच. तिने वरूनच मला मराठीत विचारलं, "कोण गेलं, आजी?"

मराठीत विचारलं होतं. पण बनारसच्या माणसाला आजी हा शब्द कोणी समजावून द्यावा लागत नाही. मिसिरजींच्या घरीही आजीला आजीच म्हणतात. त्यांनी रुमाल खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग कुशलकडे.

"आजी?" ते म्हणाले. "तो दादी तो ई बइठी हैं."

मेथीच्या काड्या माझ्या हातातच राहिल्या. कोणी न बोलावता मी एका खोट्या मरणावर गळा काढला होता. वर जिचं खरं गेलं होतं, तिच्यासाठी या घरात कोणीच मोठ्याने रडलं नव्हतं. कुशलने माझ्याकडे पाहिलं, अडलेला नट विंगेकडे पाहतो तसं. वाक्यं माझ्याकडे होती. जुळ्या बहिणीपासून थोरल्या काकूपर्यंत हवी तेवढी. मी जीभ दाताखाली धरली.

"सर, दादी नहीं," कुशल म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. लहानशा अंगणात तो भिंतींवर आदळला, आणि वर शास्त्रीबुवांचं पठण थांबलं. "मेरा बच्चा गया है. चौथे महीने में. इनके पेट में था."

मिसिरजींना टोपली कुठे ठेवावी कळेना. "तो यही बोल देते, भाई."

"बोलता तो छुट्टी मिलती?"

मिसिरजी खोटं बोलू शकले असते. तो त्यांचा मोठेपणा, की बोलले नाहीत. "नहीं मिलती," ते म्हणाले. "औरत के लिए है. आदमी के लिए कुछ नहीं है."

मग हिमानी मॅडम बोलल्या, टोपलीतल्या केळ्यांकडे बघत. "सर, पिछले साल हमको डेंगू हुआ था, याद है?"

"हाँ, आप बहुत कमज़ोर होकर आई थीं."

"डेंगू नहीं था."

मिसिरजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "आपको तो मिलती न. और हमसे कोई कुछ कहता काहे नहीं?"

"मिलती," हिमानी मॅडम म्हणाल्या. "पर आप सबके सामने पूछते हैं, कौन गुज़रा. हम क्या कहते? कौन?"

मिसिरजी उठले. निघताना टोपली माझ्याजवळ ठेवली. "छुट्टी तो रजिस्टर में चढ़ चुकी है," ते कुशलला म्हणाले. "काटेंगे तो कारण लिखना पड़ेगा. हमसे नहीं लिखा जाएगा. तेरही के बाद आ जाना." मग माझ्यापुढे हात जोडले. "माताजी, आप बनी रहिए," एवढंच म्हणाले आणि गल्लीत उतरले. मोठमोठ्या प्रसंगांत मी रंगभूमीवर मेले आहे. अशी मेले नव्हते.

वैदेही हळूहळू खाली आली आणि कुशलच्या वरच्या पायरीवर थांबली.

"डोकं ऑफिससाठी केलंस?"

"हो."

"मी हात फिरवत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो. तेव्हाही."

तिने त्याच्या डोक्याला हात लावला नाही. भिंतीला टेकून ती पायरीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर कुशलला बरं वाटलं असतं, मलाही.

"मला मुलगी वाटत होती," ती म्हणाली. "तुला?"

"मी…"

"खरं सांग."

"मी विचारच केला नाही, वैदेही," तो म्हणाला. "धीर झाला नाही."

"मग आता कर," ती म्हणाली. "सुट्टी आहे ना तुला."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच हलत होते. मी परात उचलली, आत गेले आणि दार लावून घेतलं.